फेअर रस्ता

सोनीबाई मॅट्रिकला नापास झाली ती एका गोऱ्या रोग्यामुळे, असं ती स्वतःच सांगायची.

साल साठचं. परीक्षा यवतमाळला. इंग्रजीच्या पेपरात पाच वाक्यांचं मराठी करायचं होतं. त्यातलं तिसरं वाक्य दवाखान्यातल्या एका माणसाबद्दल होतं आणि त्याची प्रकृती आता 'फेअर' आहे असं त्यात म्हटलं होतं. फेअर म्हणजे गोरा, हे सोनीबाईला पाठ होतं. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक राजकन्या होती, ती फेअर होती, आणि धड्याखाली शब्दार्थात स्पष्ट लिहिलं होतं: गोरी. तेव्हा तिनं बेधडक लिहून टाकलं, 'त्या माणसाची प्रकृती आता गोरी आहे.' लिहिताना तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण इंग्रजांचं सगळंच चमत्कारिक, दुखण्यानं माणूस पांढरा पडत असेल, असं मनाशी म्हणून ती चौथ्या वाक्याकडे वळली. निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. इंग्रजीत एकतीस. लागत होते पस्तीस.

सोनीबाई तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि खेमसिंग नाईकाच्या तांड्यावरच्या एकखोली शाळेत मास्तरीण होती. खेमसिंग नाईक तिचा बाप. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले. त्याच्या बापानं ते हिंडणं थांबवलं आणि बैल नांगराला जुंपले. आता तांड्यावर पन्नासेक घरं होती, कापूस-तूर होती, एक विहीर होती आणि सत्तावन सालापासून टिनाच्या छपराची शाळा होती.

सोनीबाई मास्तरीण झाली तीही सरळ वाटेनं नाही. लहानपणी ती कोळदऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेली. मग लग्न झालं, आणि दोन वर्षांत नवरा तापानं गेला. ती माहेरी परत आली तेव्हा तांड्यावरच्या बायांनी तिला मिठी मारून तीन दिवस रडून घेतलं. चौथ्या दिवशी खेमसिंगानं बंडी जुंपली आणि तिला यवतमाळच्या बायांच्या वसतिगृहात नेऊन घातलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "रडनं झालं असन तं आता शीक." ती सातवी पास होऊन आली आणि शाळेत लागली. पण सातवीवर नोकरी कच्चीच होती. मॅट्रिक झाली तर ट्रेनिंगला जाता येणार होतं. तांड्यावर तोवर मॅट्रिक कोणी नव्हतं, बाई सोडाच, बाप्याही नाही.

नापास झाल्यावर ती कोळदऱ्याला सदाशिवरावांकडे गेली. सदाशिवराव मूळचे बोरी अरबचे. तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आणि आता कोळदरा या बाजाराच्या गावी बायकोसह राहत होते. सोनीबाईनं त्यांना पेपरातलं वाक्य सांगितलं आणि आपलं उत्तर सांगितलं. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी रुखमाबाई होत्या, त्यांनी तोंडात पदर कोंबला तरी हसू बाहेर ऐकू आलं. सदाशिवराव हसले नाहीत.

"प्रकृती कधी गोरी असते का?" त्यांनी विचारलं.

"नाही, गुरुजी."

"मग लिहिलंस कशाला?"

"पुस्तकात होतं तसंच."

"पुस्तकात त्या शब्दाचा एक अर्थ होता. त्याला आणखी आहेत." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुमची माणसं पूर्वी मुक्काम करायची. ज्या गावाशेजारी उतरली, त्या गावाची बोली बोलायची ना? शब्दाचंही तसंच. तो कुणाशेजारी उतरलाय ते आधी पाहायचं. राजकन्येशेजारी असला तर गोरी. रोग्याशेजारी असला तर बरी, म्हणजे फार चांगली नाही, फार वाईटही नाही. एकट्या शब्दाला अर्थ विचारू नये."

तिनं मान हलवली.

"असं कर," ते म्हणाले. "ज्या शब्दानं पाडलं त्याच्याच मागे लाग. जिथं दिसेल तिथं धर आणि वहीत लिही. दर रविवारी मला दाखव."

साडेतीन मैल जायचं आणि साडेतीन मैल यायचं. वाट चालण्याजोगी असेल त्या दर रविवारी सोनीबाई गेली. आणि गंमत अशी, की एकदा नजर बसल्यावर तो शब्द तिला जिथं तिथं दिसायला लागला. कोळदऱ्याच्या रेशन दुकानावर पाटी होती, 'फेअर प्राइस शॉप'. तिच्यासमोरून ती शंभरदा गेली असेल. तिथं फेअर म्हणजे वाजवी. सदाशिवरावांकडे इंग्रजी वर्तमानपत्र यायचं, त्यात लग्नाच्या जाहिराती असत; तिथं तो पुन्हा गोरा. खेळाच्या पानावर फेअर म्हणजे लबाडी न करता. रुखमाबाईंना त्यांचा भाचा नागपूरहून पत्र लिही, त्यात एकदा 'फेअर बघायला गेलो होतो' असं आलं. तिथं तर तो चक्क जत्रा होऊन बसला होता.

"हा वेगळाच शब्द आहे," सदाशिवराव म्हणाले. "चेहरा सारखा, घराणं निराळं. तोही लिहून ठेव."

एकदा खेमसिंग कापसाच्या जिनातून खूश होऊन आला. "माह्या कापसाले साहेबानं फेअर म्हनलं," तो दारातूनच ओरडला. सोनीबाईनं चौकशी केली तेव्हा कळलं, की कापसाच्या प्रतीत फेअरच्या वर आणखी बऱ्याच पायऱ्या आहेत आणि फेअर म्हणजे कसाबसा चालेल असा. हे बापाला सांगावं की नाही याचा तिनं दोन दिवस विचार केला, आणि नाही सांगितलं. वहीत मात्र लिहिलं.

पुढे पावसाळ्याच्या तोंडी, नाला भरायच्या आधी, एका रविवारी सदाशिवराव ओसरीवर बसून बाहेर बघत होते. दोन दिवसांची झड थांबून ऊन पडलं होतं. ते म्हणाले, "लिही. फेअर वेदर. वेदर म्हणजे हवामान. आपल्याकडे काय म्हणाल याला?"

"उघाड," सोनीबाई म्हणाली.

"शाबास. माझ्या कोशात एवढा नेमका शब्द नाही."

आता तांड्याच्या रस्त्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. तांड्यापासून कोळदऱ्यापर्यंत काळ्या मातीतून गेलेली बंडीवाट होती आणि मध्ये एक नाला होता. दिवाळीपासून जेठापर्यंत त्या वाटेनं जीपसुद्धा यायची. पण एकदा पाऊस सुरू झाला की चाक आसापर्यंत रुतायचं आणि नाला भरला की तांडा चार महिने जगापासून तुटायचा. साहेबलोक जे यायचे ते हिवाळ्यात. चहा पिऊन, धुरळा उडवत परत जायचे.

बासष्टच्या श्रावणात सोनीबाईची भावजय भुरीबाई बाळंतपणाला अडली. तांड्यावरच्या सुईणीनं दुसऱ्या दिवशी सकाळी हात टेकले. दवाखाना कोळदऱ्याला. सोनीबाईचा भाऊ धरमसिंगानं बंडी जुंपली, ती अर्ध्या मैलावर रुतली. मग खाट आणली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. गुडघ्यापर्यंत चिखल, एकेक पाय उपसून टाकताना माणसाला धाप लागायची. नाल्यावर पोचले तर पाणी छातीएवढं आणि तांबडं. खाट काठावर ठेवली. सोनीबाईनं आणि सोबत आलेल्या आणखी तिघींनी चारी बाजूंनी घोंगड्या धरल्या, आणि भर दुपारी, पावसात, नाल्याच्या धुऱ्यावर, म्हणजे काठच्या बांधावर, भुरीबाईला मुलगी झाली. दोघीही जगल्या. पण भुरीबाई पुढे दोन महिने अंथरुणाला खिळून होती, आणि घोंगडीचं टोक धरून उभी असताना सोनीबाईनं जे ऐकलं ते तिच्या कानातून काही केल्या जात नव्हतं.

त्याच वर्षी नवी पंचायत समिती झाली होती. ती रस्त्यांची यादी करत होती, कोणत्या गावाला मुरूम, कोणत्या नाल्यावर मोरी. सोनीबाईनं अर्ज लिहिला. सोबत वेगळ्या कागदावर एक्कावन्न अंगठे आणि तीन सह्या घेतल्या आणि तालुक्याला समितीच्या कचेरीत जाऊन तो रस्त्यांचं दप्तर पाहणाऱ्या मारोतराव कारकुनांच्या पुढे ठेवला. मारोतरावांनी कागद उलटापालटा केला.

"बाई, यावर खाडाखोड आहे. फेअर करून आणा."

सोनीबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. मारोतरावांना कळेना हिला काय झालं. ती बाहेर व्हरांड्यात बसली, अर्ज स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढला, दिला, आणि घरी येऊन वहीत आणखी एक ओळ वाढवली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. नाईकाच्या घरापुढच्या ओट्यावर सगळा तांडा जमला आणि सोनीबाईनं ते वाचून दाखवलं. 'आपल्या तांड्याचा रस्ता दप्तरी चांगला असा नोंदलेला असल्याने नवीन कामांच्या यादीत घेता येत नाही.'

 मग खेमसिंगानं विचारलं, "कोन म्हनते चांगला?"

"दप्तर म्हनते, बा."

"दप्तर कवा आलतं इथं?"

भुरीबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी पाहून आली न रस्ता. दप्तराले म्हना मले इचार."

लोक हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

सोनीबाई रजा टाकून पुन्हा कचेरीत गेली. मारोतराव माणूस वाईट नव्हते. हाताखाली कोणी नाही, टेबलावर कागदांचे गठ्ठे, आणि जुनी इंग्रजी दप्तरं मराठीत उतरवायचं काम एकट्याच्या अंगावर. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून तिच्यापुढे उघडून ठेवलं. समिती व्हायच्या आधीच्या काळातलं, शाई फिकी पडलेलं.

"माझ्या मनचं नाही लिहिलं बाई. पाहून घ्या. हा तुमचा तांडा. हा पुढचा रकाना, रस्त्याची स्थिती. काय लिहून आहे? फेअर. फेअर म्हणजे चांगला."

सोनीबाईनं वाकून पाहिलं. रकाना अरुंद होता. त्यात 'फेअर' होतं, आणि पुढे टिंब दिलेलं एक अक्षर होतं, 'डब्ल्यू'.

"आणि हे?"

"डब्ल्यू म्हणजे वेस्ट. पश्चिमेकडचा रस्ता."

तिची नजर वरच्या ओळींवर गेली. कोळदरा ते तालुका, हा गिट्टीचा पक्का रस्ता, ज्यावरून ती आत्ताच मोटारीनं आली होती. त्याच्यापुढे त्याच रकान्यात होतं, 'ऑल डब्ल्यू'. तिनं दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या. तिला अजून काही समजलं नव्हतं, नुसतं काहीतरी टोचत होतं.

मोटारीतून ती कोळदऱ्याला उतरली आणि तांड्याकडे चालायला लागली. डिसेंबरची दुपार होती. शेतात कापूस फुटला होता, वाट कोरडी खडखडीत, चाकोऱ्या दगडासारख्या वाळलेल्या. नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता. पलीकडे चढताना तिच्या पायाखाली तो धुरा आला, जिथं श्रावणात खाट ठेवली होती. आज तिथं बसून कोणी भाकर खाल्ली असती इतकी जागा सुरेख होती. 'आज हा रस्ता चांगलाच आहे,' तिच्या मनात आलं. 'आज कोणी पाहिला तर म्हणेल, झकास.' आणि ती तशीच उभी राहिली.

शब्द कुणाशेजारी उतरलाय?

डब्ल्यूच्या शेजारी. आणि डब्ल्यू म्हणजे वेस्ट नव्हे. वेदर! फेअर वेदर. उघाडीचा रस्ता. पाऊस नसेल तेव्हाच चालणारा. आणि वरचा तो ऑल वेदर, बारमाही. ज्यानं पूर्वी ते रजिस्टर लिहिलं त्या अनोळखी माणसानं तांड्याचं दुःख अगदी बरोबर लिहून ठेवलं होतं. ते नंतर वाचलं कोणी नव्हतं.

सोनीबाई तिथूनच मागे फिरली आणि जवळजवळ पळतच सदाशिवरावांच्या ओसरीवर पोचली. तिला धाप लागली होती. सगळं ऐकून घेतल्यावर सदाशिवरावांनी चष्मा काढला आणि ते हसायला लागले. इतके हसले की रुखमाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"गुरुजी, तुम्ही येता माझ्यासंगं कचेरीत? तुमचं ऐकतील."

त्यांचं हसू ओसरलं. "माझं ऐकतील, म्हणूनच येणार नाही. अर्थ तू काढलास. सांगायचाही तूच."

मारोतरावांना तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कानामागे टाकलं, मग आवाज खाली आणला. "बाई, यादी मंजूर होऊन गेली. आणि तुम्ही याच समितीच्या शाळेत आहात. नोकरी कच्ची. हपीसची चूक काढून राह्यल्या, हे वरच्यांना कसं वाटेल?"

धमकी नव्हती ती, काळजीच होती. पण शाळा गेली तर काय, हे सोनीबाईच्या डोक्यात बसलं.  दोन दिवस ती मुलांना पाढे सांगताना मधेच थांबायची. तिसऱ्या दिवशी तिच्या वर्गाच्या दारात भुरीबाई पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली. ती मुलांचे पाढे ऐकत राहिली. शाळा सुटल्यावर सोनीबाई कोळदऱ्याला विमलताईंच्या घरी गेली.

विमलताई मोठ्या शेतीच्या घरातल्या. समितीवर एक तरी बाई हवी म्हणून त्यांना घेतलं होतं. त्यांनी सोनीबाईला शेजारी बसवलं, वही पाहिली, पुन्हा पाहिली.

"मी आतापावतर सात मीटिंगा केल्या," त्या म्हणाल्या. "चहा पेली, सही केली न घरी आली. बोलाले काही होतंच नाही माह्याजवळ. आता हाय. तू ये फक्त."

जानेवारीत समितीची सभा भरली. सोनीबाई एकटीच जाणार होती, पण सकाळी पाहते तर तांड्यावर तीन बंड्या जुंपलेल्या. खेमसिंग डोक्याला नवा फेटा बांधून पुढच्या बंडीवर, मागे बाया, आरशांच्या कांचळ्या आणि फेटिया, म्हणजे चोळ्या आणि घेरदार घागरे, घातलेल्या. कचेरीच्या आवारात त्या उतरल्या तेव्हा शिपाई, कारकून, चहावाला सगळे बाहेर येऊन पाहायला लागले.

विमलताई उठल्या आणि म्हणाल्या, "सभापती साहेब, एका रस्त्याचं बोलाचं हाय. पन मी नाही, मास्तरीणबाई बोलते."

सभापतींनी खिडकीतून आवाराकडे पाहिलं. त्यांचा आवाज मोठा होता. "तीन बंड्या भरून आल्या न तुमी? मंग रस्ता चांगलाच दिसते!"

सभेत हशा पिकला. खिडकीबाहेरून भुरीबाईचा आवाज आला, "श्रावनात या न साहेब. पोहत येजा."

आता हसले ते वेगळे लोक होते. सभापतींनी हात वर केला. "बोला बाई."

सोनीबाई उभी राहिली. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ते जुनं इंग्रजी रजिस्टर मागवावं," ती म्हणाली.

मारोतरावांनी रजिस्टर आणलं. बी.डी.ओ. साहेब तरुण होते, महिन्याभरापूर्वी बदलून आलेले. त्यांनी ते आपल्याकडे ओढून घेतलं. "तांड्यापुढे फेअर डब्ल्यू लिहिलंय. मग?"

"फेअरचं मराठी काय केलं आहे?"

"चांगला," मारोतराव म्हणाले. "आणि डब्ल्यूचं पश्चिम."

"साहेब, त्याच पानावर वर पाहा. कोळदरा ते तालुका. काय लिहिलं आहे?"

साहेबांनी बोट ठेवलं. "ऑल डब्ल्यू."

"डब्ल्यू म्हणजे पश्चिम असंल, तं तो रस्ता सगळाच्या सगळा पश्चिम झाला," सोनीबाई म्हणाली. तिच्याही नकळत तिच्या तोंडात घरची बोली आली होती. "आन् आमी तं कोळदऱ्याहून इथं येताना सकाळचं ऊन सारा वेळ उजव्या गालावर घेऊन आलो. हा रस्ता दक्षिण-उत्तर जाते साहेब. त्याले पश्चिम कोनं म्हनलं?"

 साहेबांनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"डब्ल्यू म्हणजे वेदर आहे," सोनीबाई आता खुर्ची सोडून बोलत होती. "ऑल वेदर म्हणजे बारमाही. फेअर वेदर म्हणजे उघाडीचा. पाणी नसंल तवाच चालनारा. फेअर एकटा असता तं चांगला म्हटलं असतं. पन तो एकटा नाही. या दप्तरात आमचा रस्ता चांगला आहे असं लिहिलेलंच नाही साहेब. वाईट आहे म्हणूनच लिहिलं आहे."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. हळू म्हणाले, पण त्या खोलीत ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. "बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे." आणि ते पानं उलटत राहिले. "आणि हे एकाच गावाचं नाही. इथं आणखी सहा गावं आहेत. फेअर डब्ल्यू, फेअर डब्ल्यू... मारोतराव, ही सगळी 'चांगला' म्हणून उतरवलीत?"

मारोतरावांचा चेहरा उतरला. "हो साहेब."

साहेबांनी ती सहा नावं मोठ्यानं वाचली. आणि मग सभेचा रंगच बदलला. त्या गावांचे मेंबर तिथंच बसले होते. मघा हसले होते त्यांतलेच दोघे होते. एक म्हातारा मेंबर टेबलावर थाप मारून उठला, "अबे, माह्या गावचा रस्ता बी चांगला केला काय! सहा महिने झाले अर्ज देऊन राह्यलो मी!" दुसरा उठला, तिसरा उठला. सभापती 'बसा, बसा' म्हणत राहिले आणि कोणी बसेना. शेवटी सभापतीच उठून उभे राहिले आणि सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणाले, "सातही गावं यादीत घ्या! ठराव लिहा! सूचक विमलताई!"

बाहेर आवारात आतलं नीट कळत नव्हतं. खेमसिंग खिडकीचे गज धरून टाचा उंच करून उभा होता. सोनीबाई त्याच्याकडे वळून नुसतं हसली. तेवढ्यावरून त्यानं ओळखलं आणि फेटा काढून हवेत उडवला, आणि सत्तर वर्षांच्या त्या माणसानं अशी आरोळी ठोकली की बंडीचे बैल दचकले. बायांनी तिथंच, कचेरीच्या आवारात, फेर धरला. शिपाई त्यांना हटवायला गेला आणि तोच बाजूला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

गर्दी पांगल्यावर मारोतराव सोनीबाईजवळ आले. त्यांच्या बोटांना शाई लागली होती. "बाई, सात गावांची यादी आजच लिहून टाकतो," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "हा शब्द एवढा कुठं शिकल्या तुम्ही?"

"नापास होऊन," सोनीबाई म्हणाली.

मार्चात, सदाशिवरावांनी अखेर हो म्हटल्यावर, ती पुन्हा यवतमाळला परीक्षेला बसली. या खेपेला तिला एकाही वाक्याची भीती वाटली नाही. अडलं की ती त्या शब्दाच्या डावी-उजवीकडे पाहायची, मग लिहायची. जूनमध्ये निकाल आला: पास. इंग्रजीत अठ्ठेचाळीस. सदाशिवरावांनी मार्कांचा कागद दोनदा वाचला आणि रुखमाबाईंना म्हणाले, "साखर आण." त्या दिवशी तांड्यावर नंगारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजला. ज्या बाया कधीकाळी तिच्यासाठी रडल्या होत्या, त्यांनी तिला मधे घेऊन गाणं रचलं. त्या गाण्यात मॅट्रिकची परीक्षा म्हणजे एक मोठा डोंगर होता आणि सोनी त्याच्यावर बैल चढवून घेऊन गेली होती.

रस्त्याला आणखी एक वर्ष लागलं. चौसष्टच्या उन्हाळ्यात मुरूम पडला, गिट्टी फोडली गेली आणि नाल्यावर सिमेंटच्या चार नळ्या टाकून मोरी बांधली. तांड्यावरचं एक माणूस घरी बसलं नाही. धरमसिंगानं मुरमाच्या बंड्या वाहिल्या. भुरीबाई दोन वर्षांच्या पोरीला निंबाच्या सावलीत खेळत ठेवून गिट्टी फोडायला बसायची, आणि तिची हातोडी इतरांपेक्षा जरा जोरातच पडायची.

पाऊस लागला. सगळे श्वास रोखून होते, पण रस्ता टिकला. ऑगस्टात सोनीबाईला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं. हजर व्हायचं होतं सोमवारी, आणि पाऊस शुक्रवारपासून थांबला नव्हता. पूर्वी अशा दिवसांत कोणी तांडा सोडायचा विचारसुद्धा केला नसता. खेमसिंगानं बंडीवर ताडपत्री बांधली, तिची ट्रंक चढवली आणि बैल जुंपले.

दोन्ही बाजूंनी काळी शेतं पाण्यानं डबडबलेली होती. मधून तांबडा मुरूम सरळ गेला होता आणि चाकं त्यावर खडखड वाजत होती. मोरीवर खेमसिंगानं बैल थांबवले. तांबडं पाणी नळ्यांतून फेसाळत जात होतं, बंडीच्या खालून. तो वाकून पाहत राहिला. त्याच्या भिवयांवरून पाणी ओघळत होतं.

"बा, मोटर निघून जाईन," सोनीबाई म्हणाली.

"जाऊ दे न. दुसरी भेटन," तो म्हणाला. पण मग त्यानं कासरे आवळले, बैलांना आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि बैल उधळले. बंडी उसळायला लागली. सोनीबाईनं एका हातानं ट्रंक धरली, एका हातानं ताडपत्रीची काठी.

"बा, हळू! पडन मी!"

"नाई पडत!" खेमसिंग मागे न पाहता ओरडला. पाऊस तोंडावर घेत, शिट्या घालत, त्यानं बैल तसेच पळवत नेले, थेट कोळदऱ्याच्या मोटार स्टँडपर्यंत.